मुंबईत कोणता दावा कोणत्या न्यायालयात दाखल करावा?

चाळकरी :

सर्व जाणकारांना नमस्कार.

माझा जन्म आणि शिक्षण गिरगावातले असले, तरी नोकरीमुळे बरीच वर्षे पुण्यात वास्तव्य आहे. वडील मागील वर्षी वारले. त्यांच्या पश्चात मुंबईतील जे व्यवहार निस्तरायचे राहिले आहेत, त्यांतील काही आता न्यायालयापर्यंत जाणार अशी चिन्हे दिसतात. वकील नेमणार आहेच. परंतु ज्यांच्याशी प्राथमिक बोलणे झाले, त्यांतील प्रत्येकाने निराळ्याच न्यायालयाचे नाव घेतले. पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात शिरले की बहुतेक कामांची खिडकी कुठे ना कुठे सापडते. मुंबईत शहर आणि उपनगर असे दोन महसुली जिल्हे असूनही ‘जिल्हा न्यायालय’ अशी पाटी मला कुठेच दिसली नाही.

प्रकरणे थोडक्यात सांगतो. अंधेरी पूर्वेला वडिलांच्या नावे सदनिका आहे. ती अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर एका कुटुंबाला राहण्यासाठी दिली होती. मुदत संपली, कराराचे नूतनीकरण झालेले नाही, तरीही ते जागा सोडत नाहीत आणि वडील वारल्यापासून पैसेही देत नाहीत.

दुसरी बाब गिरगावातील पागडीच्या खोलीची. आई-वडील शेवटपर्यंत तिथेच राहत होते. वडिलांच्या निधनानंतर आईचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले, म्हणून ती सध्या माझ्याकडे पुण्यात आहे आणि खोलीला कुलूप आहे. खोली वापरात नसल्यामुळे ताबा द्यावा, अशी नोटीस घरमालकाच्या वकिलाने आईला पाठवली आहे.

तिसरे असे की, वडिलांनी एका परिचितांना अठरा लाख रुपये उसने दिले होते. त्याचा लेखी कागद आहे. त्या गृहस्थांनी अलीकडे माझ्या नावे धनादेश दिला. तो न वटता परत आला. शिवाय अंधेरीची सोसायटी ना-वापर शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलची आकारणी) मनाला येईल त्या दराने आकारते आहे, त्याचाही वाद आहेच.

ही सर्व प्रकरणे एकाच न्यायालयात चालवता येतील का? आणि नसल्यास कोणते कुठे न्यावे, हे ठरते कशावरून?

निवृत्त शिरस्तेदार :

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून आरंभ करतो, कारण बाकीची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

मुंबईबाहेर महाराष्ट्रात रचना सरळ आहे. तालुक्याला दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, त्यांच्यावर वरिष्ठ स्तर, आणि सर्वांच्या माथ्यावर जिल्हा न्यायाधीश. तिथे दाव्याचे मूल्यांकन आणि जागेची हद्द पाहिली की बहुधा निभावते. मुंबई ही जुनी प्रेसिडेन्सी राजधानी असल्यामुळे इथली न्यायालये वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कायद्यांनी उभी राहिली आणि एकमेकांच्या शेजारी तशीच टिकली. १८६२ साली उच्च न्यायालय स्थापन झाले. त्याला केवळ अपिले ऐकण्याचाच नव्हे, तर मुंबई शहरातील दावे प्रथमपासून चालवण्याचाही अधिकार मिळाला. लघुवाद न्यायालय, ज्याला सगळे स्मॉल कॉजेस कोर्ट म्हणतात, ते आजही १८८२ च्या कायद्यान्वये चालते. स्वातंत्र्यानंतर, उच्च न्यायालयावरचा भार हलका करण्यासाठी १९४८ च्या कायद्याने मुंबई नगर दिवाणी न्यायालय निर्माण झाले. आपण जे जिल्हा न्यायालय शोधत आहात, त्याचे बरेचसे काम हे न्यायालय करते. फौजदारी बाजूला तेच न्यायाधीश सत्र न्यायाधीश म्हणून बसतात. त्याची मुख्य इमारत फोर्टमध्ये, जुन्या सचिवालयाच्या वास्तूत आहे, आणि पश्चिम उपनगरांच्या मोठ्या भागासाठी दिंडोशीला शाखा आहे. शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे कलेक्टर कचेरीच्या दृष्टीने वेगळे आहेत, न्यायालयाच्या दृष्टीने नाहीत.

नगर दिवाणी न्यायालयाची आर्थिक मर्यादा वेळोवेळी वाढत गेली. २०१२ मध्ये ती एक कोटी झाली आणि जानेवारी २०२४ पासून ती दहा कोटी रुपये आहे. त्याहून मोठ्या मूल्याचा दावा उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे ओरिजिनल साइडला जातो. हा तपशील वृत्तपत्रांत येतो, त्यामुळे लोक पहिला प्रश्न रकमेचाच विचारतात. माझ्या मते मुंबईत हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. आपले आणि समोरच्याचे नाते काय, हे पहिल्यांदा विचारावे. ते नाते घरमालक आणि भाडेकरू यांचे असेल, किंवा परवाना देणारा आणि घेणारा यांचे असेल, आणि मागणी ताब्याची किंवा भाड्याची असेल, तर जागा चाळीतली दहा बाय बाराची खोली असो की मलबार हिलवरची कोट्यवधींची सदनिका असो, दावा लघुवाद न्यायालयातच जातो. १८८२ च्या कायद्याचे कलम ४१ आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचे कलम ३३ यांनी हा अधिकार त्या न्यायालयाकडे राखून ठेवला आहे. न्यायालयाच्या नावात ‘लघु’ असले, तरी तिथे चालणाऱ्या मालमत्तांच्या किमती पाहून नवख्या वकिलाचे डोळे विस्फारतात.

याची सीमारेषा किती बारीक आहे, ते पाहा. एखाद्याने कुलूप तोडून, कोणत्याही परवानगीविना आपल्या घरात घुसखोरी केली, तर तो अतिक्रमण करणारा. त्याच्याविरुद्ध ताब्याचा दावा नगर दिवाणी न्यायालयात. तोच मनुष्य आपला भाचा असेल, त्याला आपण एक पैसाही न घेता राहू दिले असेल आणि नंतर ती परवानगी मागे घेतली असेल, तर तो विनामोबदला परवानाधारक ठरतो. अशा परवानाधारकालाही कलम ४१ लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले. उलट बाजूनेही तसेच: परवानाधारक आपला ताबा टिकवण्यासाठी मालकाविरुद्ध मनाई हुकूम मागत असेल, तरी तो लघुवाद न्यायालयातच मागावा लागतो, असा निर्णय १९९५ पासून आहे. म्हणून दाव्याच्या अर्जीतील पहिले दोन-तीन परिच्छेद फार काळजीने लिहावेत. नाते कसे मांडले आहे, ते वाचूनच न्यायालय आपली अधिकारिता ठरवते.

आता आपल्या गिरगावच्या खोलीविषयी. घरमालकाने दावा केलाच, तर तो धोबी तलावाजवळच्या, लोकमान्य टिळक मार्गावरील लघुवाद न्यायालयाच्या मुख्य इमारतीत दाखल होईल. तिथल्या बोलीत त्याला आर.ए.ई. सूट म्हणतात, म्हणजे भाडे कायद्याखालील निष्कासनाचा, अर्थात जागा खाली करून घेण्याचा दावा. आणि भाडेकरू स्वतःहून हक्क जाहीर करून मागतो तेव्हा तो आर.ए.डी. सूट. उपनगरांतील जागांसाठी वांद्रे पूर्वेला शाखा आहे, तिचा इथे संबंध नाही.

घरमालकाचा आधार बहुधा कलम १६ मधील ‘न वापर’ हा असेल. दावा दाखल होण्याच्या तारखेपूर्वी सलग सहा महिने, वाजवी कारणाशिवाय, ज्या हेतूसाठी जागा दिली त्या हेतूसाठी ती वापरली गेली नाही, हे त्याला सिद्ध करावे लागते. यातील ‘वाजवी कारणाशिवाय’ हे शब्द आपल्या मातोश्रींच्या बाजूचे आहेत. ऑपरेशनचे कागद, डॉक्टरांचे सल्लापत्र, फिजिओथेरपीच्या पावत्या जपून ठेवाव्यात. बेस्टच्या वीजबिलावर युनिट शून्य दिसले की घरमालकाचे वकील ती बिले उलटतपासणीत हमखास पुढे करतात. सामान, गॅस, देवघर जागेवर असेल तर तसेच राहू द्यावे. प्रकृतीने परवानगी दिली की आईंनी येऊन तिथे राहण्यास आरंभ करावा. केवळ दिवसभर खिडकी उघडून परत जाण्याला न्यायालय फारशी किंमत देत नाही.

भाडेपावती अजून वडिलांच्या नावे असेल, असे गृहीत धरतो. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय हा भाडे कायद्याच्या कलम ७(१५) प्रमाणे भाडेकरू ठरतो, आणि आपल्या आई त्यात निर्विवाद बसतात. आपण स्वतः पुण्यात राहत असल्यामुळे नोटिशीचे उत्तर आणि पुढची प्रत्येक कृती आईंच्या नावे व्हावी. भाडे आईंच्या नावाने मनीऑर्डरने किंवा बँकेतून पाठवत राहावे. मालकाने परत केले, तर त्याचा कागद जपावा.

निकाल विरुद्ध गेला तर अपील कुठे, हे मुंबईबाहेरच्यांना चमत्कारिक वाटते. ते त्याच लघुवाद न्यायालयातील दोन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे चालते, आणि ज्यांनी मूळ निकाल दिला ते न्यायाधीश त्यात नसतात. त्यानंतर दुसरे अपील नाही. उच्च न्यायालयात पुनरीक्षण (खालच्या आदेशाची वरून तपासणी) किंवा रिट एवढाच मार्ग उरतो.

अंधेरीच्या सदनिकेचा मार्ग मात्र लघुवाद न्यायालयातून जात नाही. ती राहण्यासाठी दिली होती, हा तपशील निर्णायक आहे. निवासी जागेच्या लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली असेल, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. मुंबईसाठीचे हे प्राधिकारी वांद्रे पूर्वेला बसतात. तिथली पद्धत संक्षिप्त आहे. समन्स बजावल्यापासून तीस दिवसांत समोरच्याने प्रतिज्ञापत्र करून बचावाची परवानगी मागितली नाही, तर अर्जातील मजकूर मान्य धरला जातो. लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा असतो, त्यामुळे ‘आम्ही खरे तर भाडेकरू आहोत, तोंडी बोलणे वेगळे होते’ अशा कहाण्यांना तिथे वाव राहत नाही. मुदतीनंतर जागा अडवून ठेवल्याबद्दल परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते, ती अर्जात अवश्य मागावी. प्राधिकाऱ्याच्या आदेशावर अपील नसून शासनाकडे पुनरीक्षण आहे. वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रे अर्जासोबत जोडावीत, आणि सर्व वारसांना अर्जदार करावे; एक जरी सुटला तरी पहिल्याच तारखेला हरकत येते.

हीच सदनिका कार्यालयासाठी दिली असती, तर कलम २४ लागू झाले नसते आणि आपल्याला वांद्र्याच्या लघुवाद न्यायालयात दावाच करावा लागला असता.

चाळकरी :

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. सक्षम प्राधिकारी हे नाव मला कोणीही सांगितले नव्हते. पूरक शंका अशी: अंधेरीच्या कुटुंबाविरुद्ध पोलिसांत तक्रार करून किंवा सोसायटीच्या मदतीने पाणी बंद करून प्रश्न लवकर सुटेल, असा सल्ला एका इस्टेट एजंटने दिला आहे. तो कितपत योग्य?

निवृत्त शिरस्तेदार :

मुळीच योग्य नाही. पोलीस ‘हा दिवाणी वाद आहे’ असा शेरा मारून आपल्याला परत पाठवतील. पाणी तोडले किंवा कुलूप बदलले, तर ते कुटुंब दुसऱ्याच दिवशी लघुवाद न्यायालयात मनाई हुकुमासाठी उभे राहील, आणि ज्या प्रकरणात आपली बाजू स्वच्छ आहे, त्यात आपणच प्रतिवादी होऊन बसाल.

अंधेरीतील वकील :

शिरस्तेदार साहेबांनी ताब्याचा भाग उत्तम मांडला आहे. उसन्या रकमेविषयी मी लिहितो, कारण तिथे दोन न्यायालयांची दारे एकाच वेळी उघडी आहेत आणि मुदती फार आखूड आहेत.

धनादेश न वटणे हा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खालील गुन्हा आहे. बँकेकडून परत आल्याची माहिती मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस पोहोचल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम आली नाही, तर त्यापुढील एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. आपला धनादेश नेमका कधी परत आला, ते आपण लिहिलेले नाही. बँकेच्या रिटर्न मेमोवरची तारीख आजच पाहा.

तक्रार कुठे करायची, यावरून पूर्वी फार वाद होत. २०१५ च्या दुरुस्तीनंतर नियम सरळ झाला आहे: धनादेश आपल्या खात्यात भरला असेल, तर ते खाते बँकेच्या ज्या शाखेत आहे, त्या शाखेवर ज्याची हद्द असेल ते न्यायदंडाधिकारी. याचा परिणाम आपण लक्षात घ्यावा. आपले खाते पुण्यातल्या शाखेत असेल, तर धनादेश देणारा मुंबईचा असला आणि व्यवहार गिरगावात झाला असला, तरी तक्रार पुण्यात होईल, आणि खेपा त्या गृहस्थांना घालाव्या लागतील. खाते मुंबईतले असेल, तर शाखेच्या पत्त्यावरून अंधेरी, वांद्रे, दादर, गिरगाव, कुर्ला, बोरिवली यांपैकी कोणते न्यायालय ते ठरेल. शहराच्या दक्षिण टोकाला एस्प्लनेड आहे, ज्याला जुने लोक किल्ला कोर्ट म्हणतात.

एक खुलासा इथेच करतो. मुंबईतील या न्यायालयांना वर्षानुवर्षे महानगर दंडाधिकारी न्यायालये म्हणत. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि महानगर दंडाधिकारी ही स्वतंत्र श्रेणी राहिली नाही. आता इतर जिल्ह्यांप्रमाणे इथेही प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी आणि त्यांच्यावर मुख्य न्यायदंडाधिकारी आहेत. जुन्या खटल्यांच्या कागदांवर जुनी पदनामे दिसतील, त्याने बिचकून जाऊ नये. प्रथम वर्ग दंडाधिकारी तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा देऊ शकतात, मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपर्यंत. खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गंभीर गुन्हे सत्र न्यायालयाकडे वर्ग होतात. काळ्या घोड्याच्या बाजूने ज्या इमारतीकडे आपण ‘सेशन्स’ म्हणून बोट दाखवतो, तेच ते. १९५९ सालचा नानावटी खटला मुंबईच्या याच सत्र न्यायालयाने ज्यूरी बसवून चालवला होता. अमली पदार्थ, बालकांवरील लैंगिक अत्याचार, मोक्का यांसाठीची विशेष न्यायालयेही सत्र न्यायाधीशच चालवतात.

कलम १३८ ची तक्रार म्हणजे वसुलीचा दावा नव्हे, हे मी प्रत्येक पक्षकाराला सांगतो आणि बहुतेकांना ते पटायला वेळ लागतो. आरोपी घाबरून पैसे देतो, हे खरे. तक्रार चालू असताना धनादेशाच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा आदेशही न्यायालय करू शकते. तथापि आरोपी निगरगट्ट निघाला, तर व्याजासह वसुली आणि त्याच्या मालमत्तेवर जप्ती यांसाठी दिवाणी डिक्रीच, म्हणजे दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामाच हवा. अठरा लाखांचा दावा दहा कोटींच्या आत असल्यामुळे तो नगर दिवाणी न्यायालयात जाईल. प्रतिवादी मालाड-कांदिवलीकडे राहत असेल तर दिंडोशीला, गिरगावात असेल तर फोर्टला. लेखी कागद आणि धनादेश दोन्ही हातात असल्याने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली समरी सूट करावी. त्यात प्रतिवादीला दहा दिवसांत हजेरी लावावी लागते आणि बचावाची परवानगी मिळवावी लागते. ती नाकारली गेली तर साक्षीपुराव्याशिवाय डिक्री होते. रक्कम मुळात वडिलांनी दिलेली असल्यामुळे इथेही सर्व वारस वादी असावेत. मुदत साधारणपणे रक्कम दिल्यापासून तीन वर्षे असते. मुदत संपण्यापूर्वी देणे लेखी मान्य केले असेल, तर त्या तारखेपासून ती पुन्हा मोजली जाते. त्यामुळे वडिलांकडचा कागद कोणत्या तारखेचा आहे, हेही वकिलांना पहिल्याच भेटीत दाखवा.

घाटकोपरचा सोसायटी-सचिव :

मी वकील नाही. एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव म्हणून उपनिबंधकांच्या कार्यालयाचे आणि सहकार न्यायालयाचे जिने चढलेलो आहे, तेवढ्या अनुभवावर लिहितो.

ना-वापर शुल्कावर शासनाची कमाल मर्यादा २००१ पासून आहे. महापालिकेचे कर वगळून जे सेवा शुल्क येते, त्याच्या दहा टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही. सदनिका किती रुपयांना दिली आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. अनेक संस्था सर्वसाधारण सभेचा ठराव दाखवून दुप्पट-तिप्पट दर लावतात. शासनाच्या निर्देशापुढे असा ठराव टिकत नाही. आपण बिलातील प्रत्येक शीर्षक वेगळे वाचा. आमच्याकडे एका सभासदाच्या बिलात सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधीही सेवा शुल्कात धरून त्यावर दहा टक्के काढलेले होते, ते पुढे दुरुस्त करावे लागले.

पहिले पाऊल न्यायालय नसावे, असे माझे मत आहे. संस्थेला लेखी हरकत द्या, उत्तर आले नाही तर आपल्या वॉर्डाच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा. दरम्यान मान्य असलेली रक्कम भरत राहा, ‘हक्क राखून’ असे पत्रात लिहा. अन्यथा संस्था थकबाकी दाखवून वसुली दाखल्यासाठी उपनिबंधकांकडे जाईल. त्या दाखल्यावर जप्तीपर्यंत मजल जाते. उपनिबंधकांच्या पातळीवर वाद मिटलाच नाही, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात दावा होतो आणि त्याचे अपील सहकारी अपील न्यायालयाकडे जाते. संस्था आणि सभासद यांच्यातील कारभाराचा असा वाद नगर दिवाणी न्यायालय ऐकत नाही.

बिल्डरविरुद्धचे वाद मात्र या चौकटीत नसतात, हे अन्य वाचकांसाठी नमूद करतो. ताबा देण्यास विलंब झाला असेल तर महारेरा, सेवेतील त्रुटी असेल तर ग्राहक आयोग. जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे तिची मालकी संस्थेच्या नावे, बिल्डर करून देत नसेल, तर संस्थेला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव (बिल्डरच्या सहीविना होणाऱ्या) अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो.

वांद्रे ते दहिसर :

धागा वाचून एक सरळ प्रश्न पडला. एवढी यातायात करण्यापेक्षा उच्च न्यायालयातच एक रिट अर्ज करून सर्व बाबी का मांडू नयेत? माझ्या मेहुण्याच्या प्रकरणात त्यांच्या वकिलांनी तसेच केले होते. शिवाय माझ्या बहिणीचे कौटुंबिक प्रकरण आहे. ती मीरा रोडला राहते, सासर दहिसरला आहे.

अंधेरीतील वकील :

रिट हे मुख्यतः शासन आणि सार्वजनिक अधिकारी यांच्याविरुद्धचे साधन आहे. भाडेकरू, कर्जदार अशा खासगी माणसांविरुद्ध ते सहसा चालत नाही, आणि जिथे कायद्याने वेगळे न्यायालय नेमून दिले आहे, तिथे ‘आधी तिकडे जा’ एवढेच उत्तर मिळते. मेहुण्यांचे प्रकरण महापालिकेच्या किंवा म्हाडाच्या नोटिशीचे असावे, असा माझा तर्क आहे.

उच्च न्यायालयात थेट जाणाऱ्या काही बाबी मात्र मुंबईत आहेत. मृत्युपत्राचे प्रोबेट (ते खरे असल्याची न्यायालयीन मान्यता), लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन (मृताच्या मिळकतीची व्यवस्था पाहण्याचा अधिकार) आणि जहाजांसंबंधीचे दावे यांत मिळकतीची किंमत पाहिली जात नाही, कारण नगर दिवाणी न्यायालयाला १९४८ पासून त्यांचा अधिकारच दिलेला नाही. पारशी दांपत्यांचे घटस्फोटही कौटुंबिक न्यायालयात न जाता उच्च न्यायालयातील पारशी चीफ मॅट्रिमोनियल कोर्टापुढे चालतात, आणि तिथे न्यायाधीशांसोबत समाजातील पाच प्रतिनिधी बसतात. देशातून ज्यूरी हद्दपार झाली, तरी तिची ही एक फांदी फोर्टमध्ये अजून हिरवी आहे.

आपल्या बहिणीबाबत: मुंबईचे कौटुंबिक न्यायालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. दहिसर चेकनाका ओलांडला की ठाणे जिल्हा लागतो, त्यामुळे मीरा रोड ठाण्याच्या न्यायालयांच्या हद्दीत येते. हिंदू विवाह कायद्याखाली पत्नी अर्जदार असेल, तर ती जिथे राहते तिथेही अर्ज करू शकते. लग्न मुंबईत झाले असेल किंवा दोघांचे शेवटचे एकत्र वास्तव्य दहिसरला असेल, तर मुंबईतही करता येतो. म्हणजे निवड तिच्या हाती आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील संरक्षण, निवास किंवा खर्चासाठीचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतो, आणि तोही ती सध्या राहते तिथल्या. पोटगीची निकड असेल, तर या दुसऱ्या अर्जाने आरंभ करणे मला अधिक व्यवहार्य वाटते.

निवृत्त शिरस्तेदार :

मूळ प्रश्नकर्त्यांसाठी दोन गोष्टी राहिल्या होत्या.

चुकीच्या न्यायालयात दावा दाखल झाला, तर तो कायमचा बुडत नाही. अधिकारिता नसल्याचे आढळले की न्यायालय अर्जी योग्य ठिकाणी दाखल करण्यासाठी परत करते, आणि प्रामाणिकपणे तिथे गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४ प्रमाणे मुदतीतून वजा मिळू शकतो. तरीही मधली वर्षे कुणी परत देत नाही. साक्षीपुरावा पूर्ण होऊन प्रकरण युक्तिवादाला आल्यावर ‘हा लघुवाद न्यायालयाचा विषय आहे’ म्हणून परत गेलेल्या अर्ज्या मी रजिस्टरमध्ये स्वतः नोंदवल्या आहेत. त्यावेळी खिडकीपलीकडच्या वृद्ध वादीला काय सांगावे, ते कळत नसे.

दुसरी गोष्ट तातडीची आहे. घरमालकाची नोटीस आली आहे, याचा अर्थ दावा केव्हाही दाखल होईल आणि त्यासोबत एखादा अंतरिम अर्जही येईल. तो आपल्या पाठीमागे सुनावणीस येऊ नये म्हणून आईंच्या नावे लघुवाद न्यायालयात कॅव्हेट दाखल करून ठेवावे. घरमालकाचे नाव, खोली क्रमांक, चाळीचे नाव आणि रस्ता हे सर्व नोटिशीत आहे तसेच लिहा. चाळीच्या नावात एक अक्षर इकडचे तिकडे झाले, तरी दाखल होताना मेळ बसत नाही आणि कॅव्हेट कपाटात पडून राहते. त्याची प्रत घरमालकाला पोचदेय नोंदणीकृत टपालाने पाठवावी लागते. मुदत नव्वद दिवसांची असते, ती संपण्याआधी नवे दाखल करावे. आईंना धोबी तलावापर्यंत येणे शक्य नसेल, तर त्यांची सही पुण्यातच वकीलपत्रावर घेऊन वकिलांमार्फत हे काम होते.